सदराचं वर्ष पंचांगावर आखा

प्रश्न : स्थानिक साप्ताहिकात पाककृतींचं सदर लिहिते. दर आठवड्याला ऐनवेळी विषय शोधावा लागतो. काय करू?

उत्तर : ताई, पंचांग घेऊन बसा. आधी सण मांडा. अधिक मास आला की त्यानंतरचे सण आदल्या वर्षीपेक्षा सुमारे १९ दिवस उशिरा येतात, हे ध्यानात ठेवा. मग बाजार पाहा. शेवळं पावसाच्या तोंडावर येतात नि लगेच संपतात. पहिली जुडी दिसताच लेख छापून यायला हवा, म्हणून तो मेमध्येच लिहा. त्यात काकडं घालायला सांगाच, नाहीतर घसा खवखवतो. लोणची-पापड उन्हाळा लागतानाच. महिन्यातला एक आठवडा वाचकांच्या शंकांसाठी मोकळा सोडा आणि दोन लेख कायम तयार ठेवा.