मोजणी मालाची, गिऱ्हाइकाची नव्हे

व्यापारी बंधूंनो, कोणता ताका किती खपला हे कळल्याशिवाय पुढची खरेदी ठरत नाही. डेबियन ही संगणकाची मोफत, खुली प्रणाली बनवणाऱ्यांचीही हीच गरज. ती बसवतानाच विचारतात, माहिती पाठवायची का? उत्तर आधीपासून 'नाही'वर असते. होकार दिला तरच बसवलेल्या प्रोग्रामांची यादी दर आठवड्याला जाते, नावाऐवजी चिठ्ठी काढल्यासारखा क्रमांक लावून. बेरजा सर्वांना खुल्या. ऑडॅसिटीने २०२१ साली अशीच मोजणी सुचवली. परवानगी घेणार होते. पण माहिती गूगल आणि यांडेक्सच्या हाती जाणार, म्हणून वापरणारे बिथरले. बेत सोडावा लागला. धडा असा : आधी विचारा, गरजेपुरतेच टिपा, हिशेब उघडा ठेवा, आणि गिऱ्हाइकाची अमानत तिसऱ्याकडे सोपवू नका.