दीर्घसूत्री आणि दुश्चित : चालढकलीची मराठी मीमांसा

काम पुढे ढकलण्याच्या प्रवृत्तीला मराठीत नावांची वाण नाही. टाळाटाळ, दिरंगाई, हयगय, कुचराई, वेळकाढूपणा, चालढकल हे शब्द सर्रास एकमेकांऐवजी वापरले जातात. परंतु ते समानार्थी नाहीत. टाळाटाळीत हेतू असतो, हयगयीत बेफिकिरी असते, फारसी 'दिरंग'पासून आलेल्या दिरंगाईत बहुधा एखाद्या यंत्रणेचा संथपणा अभिप्रेत असतो. चालढकलीचे तसे नाही. तेथे काम करण्याची इच्छा असते, ते न केल्याची टोचणी असते आणि तरीही काम होत नाही. व्यवहारात मात्र या सर्वांचा निवाडा 'आळस' या एकाच शब्दाने केला जातो. हा निवाडा मराठी वाङ्मयपरंपरेला मान्य आहे काय, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रथम 'दीर्घसूत्री' हा शब्द घ्यावा. गीतेच्या अठराव्या अध्यायातील अठ्ठाविसाव्या श्लोकात तामस कर्त्याची लक्षणे येतात. त्यांत 'अलस', 'विषादी' आणि 'दीर्घसूत्री' ही तीन विशेषणे स्वतंत्रपणे योजिली आहेत. आळशी व दीर्घसूत्री एकच असते तर दोन शब्दांचे प्रयोजन उरले नसते. शिवाय दीर्घसूत्रीच्या अगदी शेजारी विषादी उभा आहे, हेही अर्थपूर्ण आहे. या यादीचा आरंभ होतो तो 'अयुक्त' या शब्दाने; शंकराचार्य त्याचा अर्थ 'असमाहित' असा देतात. म्हणजे लक्षणांच्या मुखाशीच विस्कळीत चित्त आहे.

महाभारताच्या शांतिपर्वात तीन माशांची कथा आहे. तळे उपसले जाऊ लागताच पहिला दूरदर्शी मासा निघून जातो, दुसरा ऐनवेळी युक्तीने सुटतो, तिसरा 'एवढी घाई कशाला' म्हणत राहतो आणि मारला जातो. या तिसऱ्याचे नाव दीर्घसूत्र. हीच कथा पंचतंत्रात येते तेव्हा त्याचे नाव 'यद्भविष्य' होते. नाव बदलताच दोषही बदलला: चालढकल करणाऱ्याच्या जागी दैववादी आला. मराठी वाचकाच्या ओळखीचा झाला तो हा दुसरा, आणि त्यामुळे मूळ मनोव्यापार काहीसा झाकला गेला, असे म्हणावे लागते.

दीर्घसूत्रीचा वाच्यार्थ 'लांब सूत असलेला', धागा लांबवीत नेणारा. हे रूपक समजून घेण्यास ग्रंथालयापेक्षा भिवंडीचा धामणकर नाका अधिक उपयोगी पडावा. या परिसरात साध्या यंत्रमागांचा खडखडाट वर्षानुवर्षे ऐकू येत आला आहे. एक कारागीर एका वेळी अनेक माग सांभाळतो. पाळी बहुधा बारा तासांची आणि मजुरी विणलेल्या कापडावर. ताण्याचा धागा तुटला की गाठ तत्काळ मारावी लागते, कांडी संपली की लगेच बदलावी लागते. दुर्लक्ष झाले तर कापडात खोट उतरते, ती डोळ्यांना दिसते आणि मजुरीतून वजा होते. येथे चालढकलीला वाव नाही, याचे श्रेय कारागिराच्या सद्गुणास देणे भाबडेपणाचे होईल (त्या शिस्तीची किंमत तो आपल्या शरीराने मोजतो, हेही विसरता येत नाही). तुटणे आणि सांधणे यांत तेथे अंतरच ठेवलेले नाही. त्याच नाक्यावरून महाविद्यालयात जाणाऱ्या एखाद्या संशोधकाच्या प्रबंधाचा धागा तुटला तर मात्र कोणताही माग थांबत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने पीएच.डी.साठी किमान ३ आणि कमाल ६ वर्षांची मुदत घातली आहे, पुनर्नोंदणीने आणखी २ वर्षे मिळू शकतात. एवढ्या लांब सुतात तुटलेला धागा वर्षभर कोणाच्याही लक्षात येत नाही. कित्येकदा तो स्वतः संशोधकाच्याही लक्षात येत नाही.

या अवस्थेचे सर्वांत सूक्ष्म विवेचन मराठीत आढळते ते 'दासबोधा'त. रामदासांचा या विषयावरील नित्य उल्लेखिला जाणारा भाग म्हणजे बाराव्या दशकातील 'यत्नसिकवण' हा नववा समास. तेथे आळस प्रयत्न बुडवितो आणि करंटेपण उघडे पाडतो, असा रोखठोक सूर आहे. शाळा-महाविद्यालयांतील उपदेशाला तो सोयीचा आहे. आठव्या दशकातील सहावा समास, 'दुश्चितनिरूपण', त्या मानाने उपेक्षित राहिला. वस्तुतः कारणमीमांसा आहे ती येथे. दुश्चितपणातून आळस, आळसातून निद्रेचा विलास आणि त्यातून आयुष्याचा नाश, असा क्रम रामदास लावतात. या साखळीत आळस ही दुसरी कडी आहे. मूळ कडी चित्त जागेवर नसण्याची आहे.

समासाची रचनाही पाहण्यासारखी आहे. सत्संगाने किती दिवसांत मुक्ती मिळेल, असा श्रोत्याचा पहिला प्रश्न; म्हणजे तो मुदत विचारतो. वक्ता उत्तरतो की निरूपणावर विश्वास असेल तर त्याच क्षणी, हानी होते ती दुश्चितपणाने. मग श्रोता आपली खरी अडचण सांगतो: लक्ष लावून बसले असतानाच मन अचानक भलतीकडे जाते, त्याला निवांत कसे करावे? ही कबुली आळशाची नव्हे. ज्याने बसण्याचा प्रयत्न केला आहे त्यालाच ती सुचते.

उत्तर असे की मनाची ओढ तोडून, विवेकाने, घडीने घडी काळ सार्थकी लावावा. दुश्चितपण आलेच तर पुन्हा श्रवण करावे. पुढे अर्थ न शोधता नुसते ऐकणाऱ्यास रामदास मनुष्यवेषातील पाषाण म्हणतात आणि श्रोते रागावतील हे ओळखून पाषाणाची थोरवीही सांगतात. टाकीने दगडाची खपली एकदा उडाली की ती परत चिकटत नाही. माणसाची कुबुद्धी झाडून काढली तरी ती पुन्हा येऊन लागते. येथे उपहास आहे, पण त्याहून अधिक वास्तवाचे भान आहे. एका निश्चयाने ही खोड जाईल अशी आशा समासकार बाळगीत नाहीत. म्हणूनच उपायाचे माप 'घडी' हे आहे.

पियर्स स्टील यांच्या २००७ मधील संशोधन-समीक्षेत चालढकलीचा निकटचा संबंध कामाविषयीच्या नावडीशी, आत्मविश्वासाच्या अभावाशी व मनाच्या उतावीळपणाशी जोडलेला आहे. सिरोइस आणि पिचिल यांनी २०१३ मध्ये तत्काळ बरे वाटण्याची धडपड हे तिचे कारण मानले. रामदासांना हे आधीच ठाऊक होते असा दावा करण्याचे कारण नाही, त्यांचे साध्य निराळे होते. विषादी आणि दीर्घसूत्री यांचे शेजार मात्र या निष्कर्षांनंतर अधिक उमगते.

अध्यापकाच्या दृष्टीने प्रश्न व्यावहारिक आहे. रखडलेल्या विद्यार्थ्यास 'आळशी' म्हटले की विषाद वाढतो आणि तो मार्गदर्शकाला टाळू लागतो. त्याऐवजी प्रबंधाची मुदत घडीत मोडता येते: दर आठवड्यास दोन पाने, ठरल्या वारी, कच्ची असली तरी वाचून दाखवावयाची. एखादा आठवडा चुकला तर जाब न मागता पुढल्या वारी पुन्हा बसावयाचे. धागा तुटल्याचे निदान आठवड्याच्या आत कळते.

या संदर्भात एकोणिसाव्या दशकातील पहिला समास, 'लेखनक्रियानिरूपण', लिहिणाऱ्याने जवळ ठेवावा. नाना देशींचे बरू, टाक, शाई, हिंगूळ यांचा संग्रह त्यात सांगितला आहे. टिपणांच्या पेट्या भरीत राहून पहिले प्रकरण न लिहिणाऱ्यास तेवढाच भाग आवडेल हे खरे. साधनसामग्रीची जमवाजमव ही चालढकलीची सर्वांत प्रतिष्ठित जागा होय. परंतु त्याच समासात ग्रंथाचे पहिले अक्षर आणि शेवटचे अक्षर एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे, अशीही अपेक्षा आहे.