खेळ रचणारी मुले : यास्मिन काफाई यांचे संशोधन

संगणकावरचा खेळ म्हणजे अभ्यासाचा शत्रू, असा समज घरोघरी आढळतो. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ यास्मिन काफाई यांनी या प्रश्नाची दिशाच बदलली. मुलांनी खेळ खेळण्याऐवजी तो स्वतः रचला तर काय घडते, हे त्यांनी पाहिले.

दुसऱ्याला दाखवता येईल असे काही घडवताना माणूस अधिक चांगले शिकतो, हा सेमूर पॅपर्ट यांचा विचार यामागे होता. बॉस्टनमधील एका शाळेत चौथीच्या १६ मुलामुलींनी 'लोगो' या संगणकभाषेत खेळ तयार केले. त्या खेळांतून लहान इयत्तेतील मुलांना अपूर्णांक शिकवायचे होते. 'माइंड्स इन प्ले' (१९९५) या ग्रंथात काफाई यांनी हा प्रयोग मांडला आहे.

खेळांत मुलगे आणि मुली यांच्यातला फरक ठळक दिसला. मुलग्यांनी बहुधा साहस आणि दुष्टांशी झुंज रंगवली. उत्तर चुकले की खेळाडूचा नाश. मुलींनी ओळखीची स्थळे निवडली आणि चुकणाऱ्याला पुन्हा संधी दिली. 'हा स्वभावच' असा निष्कर्ष येथे सहज काढला गेला असता. पुढे दुसऱ्या मुलांना सूर्यमालेवर खेळ रचायला सांगितले, तेव्हा हा फरक बराच ओसरला. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात काफाई यांनी दोन्ही प्रयोगांची तुलना केली. फरक लिंगाइतकाच दिलेल्या विषयावर आणि संदर्भावरही अवलंबून असतो, हे त्यातून दिसते. (गट लहान होते, हे मात्र विसरू नये.)

भाषेच्या अभ्यासकाला येथे आणखी एक गोष्ट जाणवते. चुकलेल्या खेळाडूशी खेळ कसा बोलतो, हा भाषेचाच प्रश्न आहे. इंग्रजीत 'यू वन' म्हटल्याने खेळाडूचे लिंग कळत नाही. मराठीत 'तू जिंकलास' लिहिताच समोर मुलगा आहे असे गृहीत धरले जाते; खेळणारी मुलगी त्या वाक्याबाहेर राहते. 'तुम्ही जिंकलात' हा मार्ग आहे खरा, पण सात वर्षांच्या मुलाशी असे कोण बोलते?

स्वयं-अध्ययन : मुलगा व मुलगी दोघांनाही आपलीशी वाटतील अशी, खेळाडूच्या चुकीवर बोलणारी पाच मराठी वाक्ये लिहा. 'तुम्ही' वापरू नका.