शिडाच्या नौकेवर खलाशी : शिक्षण, दाखला आणि सावधगिरी

कोकण किनाऱ्यावरील आपल्या समाजाला समुद्र नवा नाही. शिडाच्या गलबतांवर नाखवा आणि तांडेल म्हणून, पुढे इंग्रजी आगबोटींवर सारंग आणि खलाशी म्हणून आपल्या वाडवडिलांनी उमर घालविली. व्यापारी जहाजांवरचे शीड गेले. परंतु सफरीच्या शिडाच्या नौका, ज्यांना यॉट म्हणतात, त्यांचा धंदा भूमध्य समुद्र व कॅरिबियन बेटांकडे जोरात आहे. या नौकांवर पगारी माणसे लागतात. हे काम कसे शिकावे, कोणता दाखला कशाच्या उपयोगी पडतो आणि पैसे कोठे बुडतात, हे आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

पहिली पायरी

या क्षेत्रात ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचे दाखले अनेक देशांत ओळखले जातात. ही संस्था १८७५ साली स्थापन झाली. तिचा खलाशांसाठीचा प्राथमिक वर्ग ‘कॉम्पिटंट क्रू’ या नावाचा असून तो पाच दिवसांचा आहे. पूर्वानुभवाची अट नाही. लेखी परीक्षा नसते. शिक्षक नौकेवर रोजचे काम पाहूनच दाखला देतो.

या पाच दिवसांत सुकाणू धरणे, शीड चढविणे व उतरविणे, वारा वाढताच शीड आखडून घेणे, नांगर टाकणे, लहान होडी वल्हविणे, पहारा देणे आणि गाठी मारणे शिकवितात. दोर ताणण्याच्या विंचवर दोर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायचा आणि बोटे लांब ठेवायची, हा पहिल्या दिवसाचा धडा. शिडाखालची आडवी काठी, म्हणजे बूम, अचानक एका बाजूकडून दुसरीकडे फिरते. तिच्या वाटेत डोके येऊ देऊ नये. कोणी पाण्यात पडला तर लगेच ओरडावे, तरंगते कडे फेकावे आणि एकाने त्या माणसावरची नजर न काढता त्याच्याकडे बोट दाखवीत राहावे. लाटांत माणसाचे डोके क्षणात दिसेनासे होते.

दाखला म्हणजे नोकरी नव्हे

येथेच आपली मुले फसतात. ‘कॉम्पिटंट क्रू’ म्हणजे शिकाऊपणा संपल्याची खूण. तो नोकरीचा परवाना नाही. पगारी कामासाठी बहुतेक ठिकाणी वैद्यकीय दाखला आणि ‘एसटीसीडब्ल्यू’ या आंतरराष्ट्रीय नियमावलीतील प्राथमिक सुरक्षा वर्ग मागतात. त्यात समुद्रात जीव वाचविणे, आग विझविणे, प्रथमोपचार आणि जहाजावरील वैयक्तिक सुरक्षा व जबाबदाऱ्या हे विषय असतात. आपल्याकडे हे वर्ग सरकारमान्य सागरी प्रशिक्षण संस्थांत होतात. जीवरक्षण व अग्निशमन यांची उजळणी दर पाच वर्षांनी करावी लागते.

खरी किंमत समुद्रावर घालविलेल्या दिवसांना आहे. ‘डे स्किपर’ या पुढच्या वर्गासाठी निदान पाच दिवस, १०० सागरी मैल आणि रात्रीचे चार तास नोंदवहीत असावे लागतात. ‘यॉटमास्टर ऑफशोअर’ परीक्षेपर्यंत हा हिशेब ५० दिवस आणि २,५०० मैलांवर जातो. भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’ नौकेतून सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यापूर्वी त्यांनी ‘म्हादेई’ नौकेवर हजारो मैलांची तालीम केली होती. म्हणून प्रत्येक सफरीची तारीख, मैल, रात्रीचे तास आणि कप्तानाची सही त्याच दिवशी वहीत घ्यावी. दुकानदार उधारीची वही ठेवतो, तितक्याच चोखपणे.

कारागिरांनी ध्यानी घ्यावे

‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या दोन्ही नौका गोव्यात बांधल्या गेल्या. लहान नौकेवर चार-सहा माणसेच असतात. त्यामुळे सुतारकाम, शिवणकाम, इंजिन दुरुस्ती किंवा स्वयंपाक जाणणाऱ्या खलाशाला मालक आधी निवडतो. हातात हुनर असेल तर अर्जात तो अवश्य लिहावा.

पाश्चात्त्य सफरींच्या नौकांवर दारू आणि डुकराचे मांस सर्रास असते. आपल्याला काय वाढावे व हाताळावे लागेल, हे करार करण्यापूर्वी स्पष्ट विचारावे. नमाजाच्या वेळा आणि रोजे पहाऱ्याच्या पाळीशी कसे जुळतील, हेही आधीच बोलून घ्यावे. नौका निघाल्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

दलालापासून सावध

२००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी श्रम कराराला भारताने २०१५ मध्ये मान्यता दिली. नोकरी लावून देण्याची फी खलाशाकडून घेऊ नये, असे हा करार सांगतो. पासपोर्ट, खलाशाचे पुस्तक आणि वैद्यकीय दाखला यांचा खर्च उमेदवाराने करायचा असतो. ‘जागा पक्की’ करण्याचे पैसे मागणारा माणूस मात्र ठग समजावा. भरती करणाऱ्याकडे सरकारी परवाना आहे की नाही, हे नौवहन खात्याकडे तपासून पाहावे. मूळ दाखले कोणाच्या हाती देऊ नयेत आणि पर्यटक व्हिसावर नोकरीला जाऊ नये.

घरचे दागिने गहाण ठेवून एकदम महागडा वर्ग करण्यापेक्षा आधी पोहणे शिकावे, मग सुरक्षा वर्ग करावा, त्यानंतर पाच दिवसांचा खलाशी वर्ग, आणि मग मैल जमवीत जावे. दाखल्याचा कागद पैशाने मिळू शकेल. समुद्रावरचे मैल मात्र ज्याचे त्यालाच कापावे लागतात.