अंधारलेला पडदा

(जुन्या लॅपटॉपचा पडदा अचानक काळा झाला तर काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि कोठे थांबावे, हे या पाठात एका घरातील प्रसंगाच्या आधारे सांगितले आहे.)

मुलांनो, आमच्या गल्लीत एक कुटुंब राहते. वडील यंत्रमागावर काम करतात. थोरली मुलगी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे आणि धाकटा मुलगा नववीत शिकतो. घरात एक लॅपटॉप आहे. तो त्यांच्या मामूंनी दिलेला, २०१३ सालचा. त्याची एक कळ निघालेली आहे आणि बॅटरी अर्धा तासही टिकत नाही. पण थोरलीचा सगळा अभ्यास त्याच्यावरच चालतो.

एके दिवशी रात्री साडेनऊ वाजता ती आपल्या प्रकल्पाचा अहवाल लिहीत होती. अहवाल दुसऱ्या दिवशी सकाळी महाविद्यालयात द्यायचा होता. लिहिता लिहिता पडदा एकदा लुकलुकला आणि काळा झाला.

"वीज गेली का?" अब्बांनी विचारले. पण छताचा पंखा फिरत होता.

"अल्ला! माझा सगळा अहवाल गेला!" असे म्हणत मुलीने लॅपटॉप बंद करण्याच्या कळीवर बोट ठेवले. बंद करून पुन्हा चालू केला म्हणजे ठीक होईल, असे तिला वाटले. तुम्हांलाही तसेच वाटले असते.

इतक्यात धाकटा ओरडला, "आपा, थांब! ती कळ दाबू नकोस. आतला पंखा चालू आहे. ऐक."

खरोखरच लॅपटॉपच्या आतील छोट्या पंख्याचा घूं घूं आवाज येत होता. धाकट्याने 'कॅप्स लॉक' ही कळ दाबली. तिच्याजवळचा बारीक दिवा लागला. पुन्हा दाबली, दिवा विझला. म्हणजे संगणक जागा होता. कळ दाबली की त्याला ते समजत होते. तो म्हणाला, "आता न पाहताच कंट्रोल आणि एस या कळा एकत्र दाब."

तिने त्या दाबल्या. अहवालाला तिने आधीच नाव देऊन ठेवले होते. त्यामुळे त्या दोन कळांनी, काळ्या पडद्याआड, शेवटच्या ओळीपर्यंतचा मजकूर जतन झाला. बंद करण्याची कळ दाबून धरली असती, तर शेवटी जतन केल्यानंतर जे काही लिहिले होते ते गेले असते. दिवस रमजानचे नव्हते, पण त्या मुलीने त्या संध्याकाळपासून पाणीसुद्धा प्यायले नव्हते. सगळे पुन्हा लिहायला तिच्याजवळ ना वेळ होता, ना ताकद.

आता हा पडदा काळा का झाला, ते पाहू. 'पडदा' हा शब्द तुम्हांला नवीन नाही. उर्दूत आणि मराठीत तो एकच आहे. दारावर असतो तो पडदा, चित्रपटगृहात असतो तोही पडदा आणि लॅपटॉपच्या स्क्रीनलाही मराठीत पडदाच म्हणतात. बहुतेकांना वाटते, की हा पडदा विजेच्या दिव्यासारखा स्वतःच उजळतो. जुन्या लॅपटॉपच्या बाबतीत ही समजूत चुकीची आहे. त्यात दोन वेगवेगळ्या वस्तू असतात. पुढे चित्र असते आणि मागे दिवा असतो.

दिवाळीत लोक घराबाहेर आकाशकंदील लावतात, तो तुम्ही पाहिला असेल. कंदील हाही आपल्या दोन्ही भाषांतला शब्द आहे. आकाशकंदिलाच्या कागदावर नक्षी असते आणि आत दिवा असतो. दिवा विझला तर काय होते? नक्षी नाहीशी होत नाही. ती कागदावर असतेच, फक्त अंधारात आपल्याला दिसत नाही. लॅपटॉपच्या पडद्याचेही तसेच आहे.

पुढच्या भागात दोन काचांच्या मध्ये एका अजब पदार्थाचा पातळ थर असतो. त्याला द्रव स्फटिक म्हणतात. असे पदार्थ धड द्रवही नाहीत आणि धड स्फटिकही नाहीत. १८८८ साली प्राग शहरात फ्रेडरिक रायनिट्झर नावाचा ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ एक पदार्थ तापवत होता. तो पदार्थ जणू दोनदा वितळला! १४५.५ अंश सेल्सियसला तो गढूळ द्रव झाला आणि १७८.५ अंशांला एकदम नितळ झाला. तो गढूळ द्रव म्हणजेच द्रव स्फटिक. त्यापासून चित्र दाखवता येते, हे जगापुढे यायला १९६८ साल उजाडावे लागले. विजेचा दाब कमीजास्त केला की या पदार्थाचे कण वळतात आणि मागून येणारा प्रकाश कोठे जाऊ देतात, कोठे अडवतात. त्यातूनच अक्षरे आणि चित्रे दिसतात. पण हा पदार्थ स्वतः काडीइतकाही उजेड देत नाही. (अलीकडच्या काही महागड्या लॅपटॉपांत आणि पुष्कळ मोबाइलांत 'ओएलईडी' पडदा असतो. तो मात्र स्वतः उजळतो. त्याला हे वर्णन लागू नाही.)

उजेड देण्याचे काम मागच्या दिव्याचे. साधारण २०१० पूर्वीच्या बहुतेक लॅपटॉपांत ही पेन्सिलीपेक्षाही बारीक अशी एक ट्यूबलाइट असे. घरातली ट्यूबलाइट जुनी झाली की तिची टोके काळी पडतात आणि उजेड मंदावतो, तशीच ही बारीक नळीही म्हातारी होते. पडदा आधी पिवळट किंवा तांबूस दिसू लागतो, चालू केल्यावर उजळायला वेळ लागतो आणि एक दिवस तो उजळतच नाही. पुढच्या काळातील लॅपटॉपांत नळीच्या जागी लहान लहान एलईडी दिव्यांची पट्टी आली. ती जास्त टिकते. आपल्या गोष्टीतला लॅपटॉप या दुसऱ्या प्रकारचा होता.

आता धाकट्याने काय केले ते वाचा. त्याने खोलीतील दिवा मालवला आणि दादीच्या उशाशी असलेला टॉर्च आणला. (आपल्याकडे टॉर्चलाही बॅटरी म्हणतात. पण लॅपटॉपच्या आतही बॅटरी असते, म्हणून या पाठात आपण टॉर्चच म्हणू.) टॉर्च त्याने पडद्याच्या अगदी जवळ, पण तिरका धरला. सरळ धरला असता तर काचेवर नुसता झगझगाट दिसला असता. टॉर्च सावकाश फिरवता फिरवता एका जागी फिकट, धुरकट अक्षरे दिसली.

"प्रकरण चौथे," आपाने वाचले. "निष्कर्ष." आणि ती रडू लागली. या वेळी आनंदाने.

चित्र शाबूत होते. दिवा गेला होता. एका टॉर्चने एवढे कळले.

अर्थात पडदा काळा दिसला म्हणजे दर वेळी दिवाच गेला, असे नाही. कधी कधी काहीच बिघडलेले नसते. कळफलकाच्या सगळ्यात वरच्या ओळीत सूर्याचे चित्र असलेल्या दोन कळा असतात. एकीने उजेड वाढतो, दुसरीने कमी होतो. पुष्कळ लॅपटॉपांत 'एफएन' ही कळ दाबून धरून मग त्या दाबाव्या लागतात. लहान भावंडांची बोटे तेथे पडली, की पडदा अंधूक होतो आणि घरात बोंब होते. चार्जर काढल्यावर पडदा अंधूक होत असेल, तर तोही बिघाड नाही. बॅटरी वाचवण्यासाठी संगणक आपणहून उजेड कमी करतो. आणखी एक गंमत आहे. झाकण मिटले की लॅपटॉप झोपतो. ते त्याला कसे कळते? फार जुन्या लॅपटॉपांत बिजागरीजवळ एक छोटी खुंटी असे, झाकणाने ती दबत असे. नंतरच्या पुष्कळ लॅपटॉपांत झाकणात लोहचुंबक आणि खाली तो ओळखणारा भाग असतो. चुंबकाचे बटण असलेले मोबाइलचे पाकीट चुकून नेमके त्या जागी ठेवले, तर झाकण मिटले आहे असे समजून उघडा लॅपटॉपसुद्धा झोपी जातो! म्हणून आधी पाकीट उचला, खुंटी अडकली आहे का ते पाहा, सूर्याच्या कळा दाबा. या कामाला एक पैसाही लागत नाही.

धाकट्याने सूर्याची कळ दाबून पाहिली. काही झाले नाही.

अहवाल तर पुरा करायचा होता. दादी टीव्हीवर त्यांची मालिका पाहत होत्या. सेट टॉप बॉक्सपासून टीव्हीला जाणारी चपट्या तोंडाची एचडीएमआय केबल धाकट्याने काढली आणि तिचे ते टोक लॅपटॉपला लावले. दादी म्हणाल्या, "अरे, आजच तर तिचा निकाह आहे!" पण आता त्यांचे कोण ऐकणार? रिमोटने टीव्हीवर एचडीएमआय निवडताच आपाचा अहवाल टीव्हीभर पसरला. (तुमच्याकडे तो लगेच दिसला नाही, तर विंडोजचे चिन्ह असलेली कळ दाबून धरावी, पी ही कळ एकदा-दोनदा दाबावी, मग एंटर दाबून थोडे थांबावे. त्याहून जुन्या लॅपटॉपला एचडीएमआयची खाच नसते. पंधरा भोकांची, बहुधा निळ्या रंगाची खाच असते. तिला संगणकाचा जुना मॉनिटर जोडता येतो.)

टीव्हीवर चित्र स्वच्छ आले, याचा अर्थही समजून घ्या. चित्र तयार करणारा लॅपटॉपचा आतील भाग चांगला होता. बिघाड झाकणात, किंवा झाकणाकडे जाणाऱ्या वाटेवर होता. टीव्हीवरही काही आले नसते आणि टॉर्चनेही काही दिसले नसते, तर गोष्ट वेगळी असती. तेव्हा चार्जर काढून, बॅटरी बाहेरून निघत असेल तर तीही काढून, चालू करण्याची कळ अर्धा मिनिट दाबून धरतात आणि मग फक्त चार्जर लावून पुन्हा सुरू करून पाहतात. लॅपटॉप सुरू होताना ठरावीक बीप बीप आवाज करत असेल, तर ते आवाज मोजून कारागिराला सांगावेत. पुष्कळदा आतील मेमरीची पट्टी सैल झालेली असते.

रात्री एक वाजता अहवाल पुरा झाला. पेनड्राइव्हवर घेतला आणि सकाळी दुकानात छापून महाविद्यालयात पोहोचला.

दुसऱ्या दिवशी अब्बा लॅपटॉप घेऊन एका दुकानात गेले. दुकानदाराने तो चालू केला, पडदा पाहिला आणि म्हणाला, "स्क्रीन गेली. नवीन टाकावी लागेल." त्याने सांगितलेल्या रकमेत तसा जुना लॅपटॉप दुसरा आला असता. अब्बा खाली मान घालून परत आले. दुकानदाराने लबाडी केली असे मी म्हणणार नाही. पडदा बदलला की तपासायचा त्रास वाचतो; पण त्या सोयीचे पैसे गिऱ्हाइकाने का द्यायचे?

त्या संध्याकाळी धाकट्याने एक गोष्ट हेरली. झाकण अगदी सावकाश उघडत नेले, की एका ठरावीक जागी पडदा क्षणभर उजळत होता. थोडे पुढे नेले की पुन्हा काळोख! दिवा कायमचा गेला असता, तर तो असा मध्येच पेटला असता का?

लॅपटॉपच्या खालच्या भागातून झाकणाकडे एक केबल जाते. तिच्यात केसासारख्या बारीक तारा असतात. काही तारा चित्र नेतात, काही दिव्याला वीज नेतात. ही केबल बिजागरीजवळून जाते. दिवसातून दहा वेळा झाकण उघडले आणि मिटले, तर वर्षाला साडेतीन हजारांहून अधिक वेळा ती वाकते. आपली लोखंडी तारसुद्धा पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. मग या तारांचे काय?

अब्बा आता धाकट्याला घेऊन दुसऱ्या कारागिराकडे गेले. या वेळी त्यांनी 'स्क्रीन गेली' असे सांगितले नाही. टॉर्चने अक्षरे दिसतात, टीव्हीवर चित्र येते आणि झाकण हलवले की पडदा पेटतो, असे त्यांनी सांगितले. कारागिराने पडद्याभोवतीची चौकट काढली, बिजागरीजवळची केबल चिमट्याने वर उचलली आणि सोललेली जागा दाखवली. दिव्याच्या तारा तुटायला आल्या होत्या. चित्राच्या तारा अजून धड होत्या. म्हणूनच टॉर्चने अक्षरे दिसली होती. केबल बदलली. तिची किंमत पडद्याच्या मानाने फारच थोडी होती.

ही चौकट घरी उघडावी, असा मोह तुम्हांला होईल. तो आवरा. बारीक नळी असलेल्या जुन्या लॅपटॉपांत तिला पेटवण्यासाठी एक छोटा भाग बॅटरीच्या थोड्याशा विजेचा दाब शेकडो व्होल्टपर्यंत वाढवतो. त्याचा झटका जबर असतो. ती नळी फुटली तर काच तर लागतेच, शिवाय तिच्यात थोडा पाराही असतो. आणि लॅपटॉपचा तळ फुगलेला दिसला, तो टेबलावर डुगडुगू लागला, तर आतील बॅटरी फुगली असण्याचा संभव आहे. असा लॅपटॉप बंद करावा, चार्जरला लावू नये आणि तसाच कारागिराकडे न्यावा. कळा दाबणे, ऐकणे, टॉर्च धरणे, टीव्ही जोडणे, झाकण सावकाश हलवून पाहणे, एवढे तुमच्या हातात आहे. स्क्रू काढणे कारागिराच्या हातात राहू द्या.

तो लॅपटॉप अजून चालतो. आपा आता झाकण कोपऱ्याला धरून उघडत नाही. मधोमध धरून सावकाश उघडते, म्हणजे बिजागरीवर एका बाजूने ताण पडत नाही. दादींना मात्र त्या रात्रीचा निकाह कसा झाला, ते शेजारणीकडून ऐकावे लागले.