हिपॅटायटिस बी : विषाणू एक, घराणी दहा

‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह’ असा शेरा रिपोर्टवर वाचून पेशंट चक्रावतात. कधी मुंबईपलीकडे गेलो नाही, मग हे ऑस्ट्रेलिया कुठून आलं? अमेरिकी शास्त्रज्ञ बारुक ब्लूमबर्ग यांना 1960च्या दशकात हे प्रथिन एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात सापडलं, म्हणून हे नाव. पुढे ते हिपॅटायटिस बी विषाणूच्या आवरणातलं निघालं आणि 1976 साली ब्लूमबर्ग यांना नोबेल मिळालं.

हा विषाणू मात्र सगळीकडे सारखा नाही. त्याची ए ते जे अशी दहा घराणी, म्हणजे जीनोटाइप, नोंदली गेली आहेत. बी आणि सी पूर्व व आग्नेय आशियात, एफ अमेरिका खंडातल्या मूळ रहिवाशांत. भारतात मुख्यतः डी, त्याखालोखाल ए, तर ईशान्येकडे सीसुद्धा. ई घराण्याची गोष्ट तर इतिहासकारांनीही ऐकावी अशी. पश्चिम आफ्रिकेत ते सर्रास आढळतं. पण तिथून गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्यांच्या वंशजांत क्वचितच. तो व्यापार ओसरल्यावरच ते आफ्रिकेत फोफावलं असावं, असा संशोधकांचा कयास आहे.

घराण्यागणिक आजाराची चालही बदलते. सी असलेल्या तरुण स्त्रियांच्या रक्तात विषाणूचं प्रमाण बरीच वर्षं चढं राहतं, त्यामुळे तो बाळंतपणात बाळाकडे जाण्याचा धोका मोठा. यकृताच्या कॅन्सरची भीतीही बीपेक्षा सीमध्ये जास्त. इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांना ए चांगला प्रतिसाद देतं, डी कमी.

मग प्रत्येकाने जीनोटाइपची महागडी तपासणी करावी का? अजिबात नको. इंटरफेरॉन द्यायचं ठरलं, तर डॉक्टरच ती सांगतील. टेनोफोविरची गोळी सगळ्याच घराण्यांवर चालते. लसही तशीच.

घरात कुणाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, की त्याचं ताट-पेला वेगळा ठेवण्याची घाई होते. ती निरर्थक आहे. हा आजार रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला होतो, एकत्र जेवल्याने नव्हे. वेगळं ठेवायचं ते रेझर आणि टूथब्रश. कावीळ उतरवणाऱ्याकडे चकरा मारण्याऐवजी घरातल्या सगळ्यांनी रक्त तपासून घ्यावं आणि निगेटिव्ह असतील त्यांनी लस. गरोदरपणात ही तपासणी चुकवू नका. बाळाला जन्मानंतर 24 तासांच्या आत लसीचा पहिला डोस मिळायलाच हवा. आई पॉझिटिव्ह असेल, तर त्यासोबत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही. ते दवाखान्यात उपलब्ध आहे ना, हे बाळंतपणाआधीच विचारून ठेवा.