अंगणातील सेन्सरचा दिवा : निवड, जागा व दोषपरीक्षा

मनुष्य जवळ येताच आपोआप पेटणारा व तो निघून गेल्यावर थोड्या वेळाने आपोआप विझणारा विजेचा दिवा आता अमरावती-अकोल्याप्रमाणेच तालुक्याच्या गावच्या दुकानांतूनही मिळतो. दुकानदार त्यास सेन्सर लाईट म्हणतात. घरात कापूस भरलेला, कोठ्यात ढोरे बांधलेली, आणि पावसाळ्याच्या रात्री कोठ्याकडे जाताना पायाखाली काय आहे ते दिसत नाही, अशा शेतकऱ्यास हा दिवा खरोखर उपयोगाचा आहे. परंतु पुष्कळ घरी असा अनुभव येतो की, हिवाळ्यात बसविलेला दिवा होळीपर्यंत उत्तम चालतो आणि वैशाखात मनुष्य अगदी समोर येऊन उभा राहिला तरी पेटत नाही. मग तो नादुरुस्त ठरवून काढून टाकण्यात येतो. तसाच राहू दिला असता तर मृगाचे पाऊस पडल्यावर तो पूर्ववत चालू लागला असता. याचे कारण एकदा नीट समजले म्हणजे दिवा कोणता घ्यावा आणि कोठे लावावा, हे दोन्ही प्रश्न बहुतेक सुटतात.

हा दिवा हालचाल पाहतो असे सर्वत्र म्हटले जाते. ते अक्षरशः खरे नव्हे. साध्या जातीचा सेन्सर, ज्यावर पी. आय. आर. अशी अक्षरे असतात, तो उष्णता पाहतो. प्रत्येक वस्तूतून डोळ्यांस न दिसणारे उष्णतेचे किरण बाहेर पडत असतात. सूर्यप्रकाशाचे लोलकाने रंग पाडून, तांबड्या रंगाच्या पलीकडे जेथे उजेड मुळीच दिसत नाही तेथे उष्णतामापक ठेवून विल्यम हर्शेल याने अशा किरणांचा शोध १८०० साली लावला. सेन्सरच्या दुधी घुमटाआड हे किरण ओळखणारा एक लहानसा तुकडा असून त्याचे दोन भाग असतात. घुमटावरील बारीक खाचा शोभेच्या नसून त्या भिंगांचे काम करतात, व समोरच्या जागेचे अदृश्य पट्टे पाडतात. मनुष्य एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला म्हणजे तुकड्याच्या एका भागावर किरण अधिक व दुसऱ्यावर कमी पडतात. हा फरक जाणवला की दिवा पेटतो.

अर्थात मनुष्याचे अंग आणि त्याच्या मागील भिंत किंवा जमीन यांच्या उष्णमानात अंतर असले पाहिजे. उघड्या अंगाचे उष्णमान सुमारे ३३-३४ अंश धरावे. पौषातील रात्री अंगण १२-१५ अंशांवर असता हे अंतर भरपूर असते. पण अकोल्यास मे महिन्यात दुपारी पारा ४५ अंशांवर जातो, आणि दिवसभर तापलेली फरशी व विटांची भिंत रात्री नऊ वाजेपर्यंतही निवत नाही. अशा वेळी अंग आणि भिंत सेन्सरला एकसारखीच दिसतात आणि तो जणू आंधळा होतो. तोच दिवा पहाटे तीन-चार वाजता पेटत असेल तर यंत्र शाबूत आहे असे समजावे व ते बदलण्याचा खर्च करू नये.

यावर उपाय जागेचा आहे. मनुष्य सेन्सरच्या समोरून आडवा गेला तर तो एकामागून एक पट्टे ओलांडतो. सरळ सेन्सरच्या रोखाने चालत आला तर बराच वेळ एकाच पट्ट्यात राहतो. म्हणून फाटकाच्या अगदी समोर दिवा न लावता, फाटकापासून ओसरीपर्यंतच्या वाटेच्या बाजूस लावावा. उंची सात-आठ फूट पुरे. अधिक उंच लावल्यास उजेड दूरवर पडतो खरा, पण जवळून जाणारा मनुष्य सुटतो. पश्चिमेचे ऊन खाल्लेल्या भिंतीकडे सेन्सरचे तोंड नसावे; ज्या अंगणात सायंकाळी सडा पडतो तिकडे असावे, कारण ओली माती लवकर निवते. पेटीवर १२ मीटर पल्ला लिहिलेला असला तरी उन्हाळ्यापुरता निम्माच धरून चालावे. खरेदीपूर्वी अंगणाची चतुःसीमा कागदावर काढून फाटक, वाट, कोठा, चूल व झाडे दाखवावी. महसूल खात्यात मोका पाहणीवाचून कागद पुढे सरकत नसे. ती सवय येथेही उपयोगी आहे.

दुसरी जात मायक्रोवेव्ह अथवा रडार सेन्सरची. तो स्वतः लहरी सोडतो व परतलेल्या लहरींतील बदल ओळखतो. बडनेऱ्याच्या फलाटावरून न थांबता जाणाऱ्या गाडीच्या शिट्टीचा सूर गाडी जवळ येताना चढा व दूर जाताना उतरता वाटतो, त्यातलाच हा प्रकार आहे. यास उन्हाळ्याची बाधा नाही. परंतु पातळ भिंतीपलीकडची हालचालही त्यास कळते, आणि वाऱ्याने हलणारा पत्रा किंवा झाडाची फांदी यांनीही तो फसतो. म्हणून आमच्या मते बंदिस्त ओसरी, जिना व बोळ यांकरिता हा, आणि मोकळ्या अंगणाकरिता पहिला, अशी वाटणी करावी.

विजेची बचत होते म्हणून हा दिवा घ्यावा, असे विक्रेते सांगतात. हिशोब पाहू. दहा वॅटचा एल. ई. डी. दिवा बारा तास जळला तर महिन्यास ३.६ युनिटे लागतात. सेन्सर स्वतः सुमारे अर्धा वॅट सदोदित खातो, त्याचे ०.३६ युनिट, रात्री चाळीस वेळा एकेक मिनिट दिवा पेटला तर त्याचे ०.२ युनिट. म्हणजे बचत महिन्याकाठी तीन युनिटांची. एवढ्यासाठी कोणी खटाटोप करू नये. खरा लाभ हा की, हातात पेंढीचा भारा किंवा दुधाची चरवी असता बटन शोधावे लागत नाही आणि पाऊल टाकण्यापूर्वी उजेड पडतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. साप आला म्हणजे दिवा पेटेल, असे कित्येक समजतात. सापाचे अंग भोवतालच्या जमिनीइतकेच निवते वा तापते, त्यामुळे पी. आय. आर. सेन्सरला तो बहुधा दिसत नाही. दिवा आपल्याकरिता पेटतो, सापाकरिता नाही. तेव्हा उजेड पडल्यावर क्षणभर थांबून वाट पाहावी आणि मगच पाऊल टाकावे. मण्यार रात्रीच हिंडते, आणि पऱ्हाटीचा ढीग घराला लागून असेल तर उंदरांच्या मागे नाग व घोणसही तेथे येतात. रात्रभर जळणाऱ्या पांढऱ्या दिव्याखाली किडे जमतात, किड्यांमागे बेडूक व पाली, आणि त्यांच्यामागे साप. या दृष्टीने बहुतेक वेळ विझलेला दिवा बरा, व त्याचा उजेडही पिवळसर, म्हणजे पेटीवर ३००० केल्विन किंवा कमी लिहिलेला असावा. अशा उजेडाकडे किडे कमी येतात.

पेटीवर आय. पी. ६५ हा अंक पाहावा. पहिला आकडा धुळीचा व दुसरा पाण्याचा, आय. पी. ४४ चा दिवा छपराखाली चालेल, उघड्यावर नको. खेड्यात विजेचा दाब कमीजास्त होतो, म्हणून दाबाची मर्यादा रुंद असलेला घ्यावा. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या बाजूच्या खारपाणपट्ट्यात लोखंडी पेटी व साधे स्क्रू लवकर गंजतात. तेथे अ‍ॅल्युमिनियमची किंवा चांगल्या प्लास्टिकची पेटी व न गंजणारे स्क्रू वापरावे. दिवा खांबावर लावणे असल्यास पाया खोल घ्यावा. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, खांब कलतो, आणि अंगणाकडे असलेले सेन्सरचे तोंड रस्त्याकडे वळते.

वावरातील घराचा विचार निराळा. गावठाणाची वाहिनी व शेतीपंपाची वाहिनी वेगळ्या असतात, आणि शेतीपंपाच्या वाहिनीवर वीज पाळीने मिळते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली निघाली व २०२३ साली तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. तिचा रोख दिवसा वीज देण्याकडे आहे. तेव्हा रात्रीच्या दिव्यास स्वतःची बॅटरी हवी, म्हणजे सौर दिवाच घ्यावा. त्यातही पाटी वेगळी व दिवा वेगळा असा घेणे उत्तम. पाटी दक्षिणेकडे सुमारे २१ अंश कलती करून उन्हात ठेवता येते आणि बॅटरी सावलीत राहते. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची असावी, ती उष्णता अधिक सोसते. पाटीवरील मळणीची धूळ आठवड्यास पुसावी. पुष्कळ सौर दिव्यांत पाटीच अंधार ओळखते. म्हणून जवळच्या दुसऱ्या दिव्याचा उजेड पाटीवर पडला तर हा दिवा पेटतच नाही, व लोक बॅटरीस दोष देतात.

आता बाकीचे दोष. बहुतेक सुट्या सेन्सरवर तीन खुंट्या असतात : एक किती अंधारात पेटावे याची, दुसरी किती वेळ जळावे याची, तिसरी पल्ल्याची. परीक्षेकरिता पहिली सूर्याच्या खुणेवर व दुसरी सर्वांत कमी वेळेवर ठेवून समोरून आडवे चालून पाहावे. वीज गेल्यावर पुन्हा आली की सेन्सर स्थिर होण्यास अर्धे-एक मिनिट लागते, व तेवढा वेळ दिवा आपोआप जळतो. हा दोष नव्हे. दिवा विझताच पुन्हा पेटत असेल तर त्याचा स्वतःचा उजेड किंवा ऊब सेन्सरवर पडते असे समजून दोहोंत अंतर पाडावे. रात्रभर जळत असेल तर समोर बांधलेली म्हैस, चुलीचा झोत वा कूलरची हवा पाहावी, नंतर घुमट. त्यावरून फिरणारी पाल किंवा कोळी दिव्यास सारखा जागा ठेवतो. मऊ ओल्या फडक्याने पुसावे, रॉकेल लावू नये. दिवसाही विझत नसेल व खुंट्यांनी फरक पडत नसेल, तर आतील रिले चिकटली आहे. सुटा सेन्सर असल्यास तेवढाच बदलावा. बंद असूनही दिवा मंद मिणमिणत असेल तर बटन फेजऐवजी न्यूट्रलवर बसले आहे काय, हे मुख्य बटन बंद करून तारकाम जाणणाऱ्याकडून तपासून घ्यावे. त्याच वेळी सेन्सरला समांतर एक साधे बटन बसवून घ्यावे. गाय विण्याच्या रात्री दिवा सतत लागतो.

पल्ल्याची खुंटी उन्हाळ्यात पूर्ण चढवावी लागते आणि तशीच राहिली तर श्रावणात रस्त्यावरच्या प्रत्येक कुत्र्याने दिवा पेटतो. यास्तव खुंटीच्या कडेस रंगाचे दोन ठिपके, एक चैत्राचा व एक मृगाचा, देऊन ठेवावे.